तंबू, मंदिर आणि कठडा: प्राचीन इस्राएलाच्या पवित्र जागा ख्रिस्ती माणसाला काय शिकवतात

जानेवारीत ‘यंदा सगळं बायबल वाचून काढायचं’ असं ठरवणारे पुष्कळ जण फेब्रुवारीत एकाच ठिकाणी अडकतात. उत्पत्तीतल्या कथा भराभर वाचून होतात. मिसरातून सुटका, तांबडा समुद्र, सीनाय पर्वत इथवर उत्साह टिकतो. मग निर्गमाचा २५वा अध्याय येतो आणि मापं सुरू होतात. इतके हात लांब, इतके हात रुंद, इतक्या फळ्या, इतक्या बैठका, कड्या, आकड्या, खुंट्या, पडदे. ३१व्या अध्यायापर्यंत हे चालतं. मध्ये सोन्याच्या वासराचं प्रकरण येतं आणि ३५ ते ४० मध्ये जवळपास तेच सगळं पुन्हा येतं, कारण आता ते प्रत्यक्ष घडवलं जात असतं. सगळे मिळून १३ अध्याय. जगाच्या निर्मितीला २ अध्याय पुरले आणि एका तंबूला १३ लागले.

हे वाचताना कंटाळा आला म्हणून कोणाच्या विश्वासात खोट निघत नाही. आपल्या हातात कोणी नकाशा दिलेला नसतो, एवढंच. तो नकाशा आधी समजून घेऊ आणि मग तंबूपासून यरुशलेमच्या मंदिरापर्यंत जाऊ. या जागा मला दोन गोष्टी एकत्र सांगतात. देवाला माणसांच्या मध्ये राहायचं आहे, आणि कुठलीही जागा त्याला कोंडून ठेवू शकत नाही. इस्राएल लोक यातली कधी पहिली गोष्ट विसरले, कधी दुसरी. आपणही तेच करतो.

आधी नकाशा

सीनायच्या वाळवंटात लोक तंबूंत राहत होते. देवाने स्वतःसाठी मागितला तोही तंबूच. मराठी बायबलमध्ये त्याला निवासमंडप किंवा दर्शनमंडप म्हणतात.

बाहेर १०० हात लांब आणि ५० हात रुंद अंगण, त्याभोवती तागाच्या कापडाची ५ हात उंच कनात. हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचं अंतर, साधारण ४५ सेंटिमीटर. आत यायला एकच वाट, पूर्वेकडून. अंगणात शिरलं की समोर होमवेदी, तिच्या पुढे हातपाय धुण्याचं पितळी गंगाळ आणि त्याच्या पलीकडे मुख्य तंबू, ३० हात लांब, १० हात रुंद. त्याच्या पहिल्या दालनात १२ भाकरींचं मेज, सात दिव्यांचा सोन्याचा दीपवृक्ष आणि धूपवेदी. मग एक जाड विणलेला पडदा, त्याला अंतरपट म्हणतात. त्याच्या आड १० हात लांब, १० हात रुंद, १० हात उंच अशी एक खोली, तिचं नाव परमपवित्रस्थान. तिथे फक्त कराराचा कोश, म्हणजे सोन्याने मढवलेली बाभळीच्या लाकडाची पेटी. आत आज्ञांच्या पाट्या आणि झाकणावर पंख पसरलेले दोन करूब, म्हणजे देवाच्या सेवेतले स्वर्गीय जीव.

जुन्या वाड्याची रचना आठवा. दिंडी दरवाजातून चौकात कोणीही येई, ओसरीवर ओळखीचा बसे, माजघरात घरची माणसं वावरत आणि देवघरात जायचं तर अंघोळ करून, शुद्ध होऊन. निवासमंडपातही एकेका टप्प्यावर आत जाणाऱ्यांची संख्या कमी होत जाते आणि वस्तूंची धातू बदलत जाते: बाहेर पितळ, फळ्यांखाली रुपं, आत सोनं. फरक एवढा, की वाड्यात देवघर हा घराचा एक कोपरा असतो. इथे सगळी उभारणी त्या एका खोलीसाठी आहे.

हा तंबू छावणीच्या कडेला, डोंगरावर किंवा राजाच्या आवारात नव्हता. गणनेच्या दुसऱ्या अध्यायात प्रत्येक बाजूला तीन वंश अशी बारा वंशांची छावणी मांडली आहे आणि हा तंबू मधोमध आहे. रोज सकाळी तंबूचं दार उघडलं की कोणत्याही कुटुंबाला तो दिसावा, अशी ती मांडणी.

जवळच राहायचं होतं तर इतके पडदे कशाला?

हा आक्षेप खरा आहे आणि पुष्कळ तरुण तो विचारतात. प्रेम करणारा देव स्वतःभोवती कनाती का उभारतो?

त्याचं उत्तर मधल्या प्रकरणात आहे. तंबूच्या सूचना लोकांचा पुढारी मोशे याला डोंगरावर मिळत असतानाच खाली लोकांनी सोन्याचं वासरू घडवलं. ३३व्या अध्यायात देव म्हणतो, मी तुमच्यामध्ये येणार नाही, आलो तर वाटेत तुमचा नाश होईल. मोशे हट्ट धरतो: तू येणार नसशील तर आम्हाला इथून नेऊच नकोस. या बोलण्यानंतर तंबू उभा राहतो. म्हणजे ज्यांनी विश्वासघात केला, त्यांच्याच मध्ये देव राहायला येतो. पडदे लोकांना हाकलण्यासाठी नाहीत. त्यांच्यामुळेच लोक जिवंत राहून देवाच्या जवळ राहू शकतात.

इथे ‘पवित्र’ या शब्दाचा अर्थ पक्का करून घेऊ: देवासाठी वेगळं काढून ठेवलेलं. आणि ‘प्रायश्चित्त’ म्हणजे पापाने तुटलेलं नातं पुन्हा जोडण्यासाठी देवानेच घालून दिलेला विधी. लेवीय १६ मध्ये प्रायश्चित्ताचा दिवस सांगितला आहे. वर्षातून त्या एका दिवशी प्रमुख याजक, म्हणजे लोकांच्या वतीने देवापुढे बळी अर्पण करणाऱ्यांतला मुख्य, अंतरपटाच्या आत जाई. एरवी त्याच्या अंगावर सोन्याच्या तारा, मौल्यवान खडे, घुंगरं असत. त्या दिवशी हा थाट उतरवून तो साधा तागाचा झगा घाली. आधी स्वतःच्या पापासाठी गोऱ्ह्याचा बळी, मग लोकांसाठी बकऱ्याचा. दुसऱ्या जिवंत बकऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून लोकांची पापं कबूल केली जात आणि त्याला रानात सोडून दिलं जाई.

या अध्यायातलं १६वं वचन मला फार मोलाचं वाटतं. त्यात म्हटलंय, की दर्शनमंडप लोकांच्या अशुद्धतेच्या मध्येच वसतो, म्हणून त्या जागेसाठीही प्रायश्चित्त करायचं. लोक मळलेले आहेत म्हणून देव घर सोडून जात नाही. घर धुऊन घेतो आणि राहतो.

इब्री लोकांस पत्राचा ९वा आणि १०वा अध्याय याच दिवसाकडे बोट दाखवतो. याजकाला दरवर्षी परत यावं लागे, ख्रिस्त एकदाच गेला आणि स्वतःचं रक्त घेऊन गेला. मार्क लिहितो, की येशूने वधस्तंभावर प्राण सोडला तेव्हा मंदिराचा पडदा वरून खालपर्यंत फाटला. लेवीय न वाचता हे वचन वाचलं तर एक चमत्कार कळतो. लेवीय वाचून वाचलं तर किती शतकांची वाट उघडली ते कळतं.

आरशांचं गंगाळ

तंबूचं बहुतेक सामान कर बसवून गोळा केलेलं नव्हतं. ज्याच्या मनात येईल त्याने द्यावं, असं सांगितलं होतं. सोनं, रुपं, सूत, बकऱ्याचे केस, कातडी, तेल, मसाले. निर्गम ३६ मध्ये कारागीर येऊन मोशेला सांगतात, की लोक गरजेपेक्षा जास्त आणताहेत, आणि मोशेला छावणीत हुकूम फिरवून देणं थांबवावं लागतं. वर्गणी थांबवा अशी सूचना देणारी मंडळी आपल्यापैकी किती जणांनी पाहिली आहे?

बसालेल आणि अहलियाब हे दोन मुख्य कारागीर. देवाच्या आत्म्याने भरलेला असं ज्याच्याबद्दल निर्गमात स्पष्ट म्हटलंय तो बसालेल ना राजा, ना संदेष्टा. तो सुतारकाम, धातुकाम, खड्यांचं काम करणारा माणूस. उपासनेत खिळे, वायर, ध्वनिक्षेपक सांभाळणाऱ्यांना आपण कोणत्या रांगेत बसवतो, ते यावरून तपासून पाहावं.

आणि ते गंगाळ. निर्गम ३८:८ सांगतं, की ते दर्शनमंडपाच्या दाराशी सेवा करणाऱ्या स्त्रियांच्या आरशांपासून केलं. तेव्हाचे आरसे काचेचे नसत, घासून चकचकीत केलेल्या तांब्या-पितळेचे असत. मिसरातून आणलेली ती जपून ठेवलेली वस्तू त्या स्त्रियांनी वितळवायला दिली. पुढे ज्या गंगाळात याजक हातपाय धुऊन वेदीकडे जाई, ते त्यांच्या आरशांचं होतं. स्वतः त्या आतल्या दालनात जाऊ शकत नव्हत्या, पण त्यांनी दिलेल्या धातूजवळ थांबल्याशिवाय याजकालाही आत जाता येत नव्हतं. इतक्या मापांच्या गर्दीत लेखकाने हे एक वाक्य राखून ठेवलं, याबद्दल मला कृतज्ञता वाटते.

शेजाऱ्यांचीही देवळं अशीच होती ना?

हो. पुढे शलमोन राजाने यरुशलेमात बांधलेलं मंदिर ६० हात लांब, २० हात रुंद, ३० हात उंच होतं आणि त्याचे तीन भाग होते: देवडी, मोठं दालन, गाभारा. उत्तर सीरियात आफ्रीनजवळ ऐन दारा इथे जे मंदिर सापडलं, त्याचा आराखडा जवळजवळ असाच आहे. तिथे उंबरठ्याच्या दगडांत सुमारे एक मीटर लांबीची पावलं कोरली आहेत, जणू देवता चालत आत गेली. जानेवारी २०१८ मध्ये युद्धातल्या हवाई हल्ल्यात त्या मंदिराचं मोठं नुकसान झालं.

यावरून काही जण म्हणतात, इस्राएलाने नक्कल केली, मग त्यात देवाचं काय? मला यात अडचण दिसत नाही. शलमोनाने शेजारच्या सोर नगराच्या हीराम राजाकडून गंधसरूचं लाकूड आणि कारागीर घेतले, हे बायबल स्वतःच लपवत नाही. लोकांना कळेल अशाच घरात देव राहायला आला. वेगळेपण आहे ते गाभाऱ्यात. शेजाऱ्यांच्या गाभाऱ्यात मूर्ती असे, इथे कोशावरच्या दोन करूबांच्या मधली जागा रिकामी आहे.

दुसरी गोष्ट मात्र इस्राएलाच्या बाजूने जात नाही. १ राजे ५ मध्ये शलमोन लबानोनातल्या कामासाठी ३०,००० माणसं वेठीला लावतो. मंदिराला ७ वर्षं लागली, राजवाड्याला १३. मिसरात वेठबिगारीखाली चिरडलेल्यांचे वंशज आता त्याच वेठीवर देवाचं घर बांधत होते. शलमोन गेल्यावर लोकांनी ओझं हलकं करा म्हणून विनवलं, त्याचा मुलगा रहबाम याने धुडकावलं, वेठीवरच्या अधिकाऱ्याला लोकांनी दगडांनी ठार केलं आणि राज्य फुटलं. उत्तरेच्या राज्याचा राजा यराबाम याने बेथेल आणि दान इथे सोन्याची वासरं बसवली. बेथेल म्हणजे जिथे दगडावर डोकं ठेवून झोपलेल्या याकोबाला स्वप्नात शिडी दिसली, तीच जागा. पुढे आमोस संदेष्ट्याला तिथला याजक सांगतो, इथे बोलू नकोस, हे राजाचं पवित्रस्थान आहे. देवाचं राहिलं नव्हतं, राजाचं झालं होतं.

शिलोकडे जाऊन बघा

आता त्या गोष्टीकडे येतो जिच्यासाठी हा सगळा खटाटोप.

कनानात आल्यावर निवासमंडप शिलो इथे उभा राहिला. हन्नाने मुलासाठी प्रार्थना केली ती इथेच, तिचा मुलगा शमुवेल याने लहानपणी रात्री देवाची हाक ऐकली तीही इथेच. तिथल्या एली याजकाची मुलं, हफनी आणि फिनहास, लोकांच्या बळीतलं मांस जबरदस्तीने काढून घेत आणि दाराशी सेवा करणाऱ्या स्त्रियांशी कुकर्म करीत. ज्या दाराशी आरसे दिले गेले, त्याच दाराशी हे.

पलिष्टी या शेजारच्या शत्रूंशी लढाईत हार झाल्यावर लोकांतल्या वडीलधाऱ्यांनी ठरवलं, कराराचा कोश रणांगणात नेऊ, तो आपल्याला वाचवील. १ शमुवेल ४ वाचा. कोश छावणीत येताच लोकांनी एवढा जयघोष केला की भूमी दणाणली. आणि मग पहिल्यापेक्षा मोठा पराभव झाला, कोश शत्रूच्या हाती गेला, एलीची दोन्ही मुलं पडली. देवाला विचारलं कोणीच नव्हतं. त्याची पेटी मात्र उचलून आणली होती.

शिलो उद्ध्वस्त झालं. तिथल्या उत्खननात इ.स.पू. ११व्या शतकातल्या मोठ्या जाळपोळीचे थर सापडले आहेत.

त्यानंतर सुमारे साडेचारशे वर्षांनी यिर्मया संदेष्टा यरुशलेमच्या मंदिराच्या दाराशी उभा राहतो. लोक आत जाताना म्हणत असतात, ‘परमेश्वराचं मंदिर, परमेश्वराचं मंदिर, परमेश्वराचं मंदिर’. यिर्मयाच्या ७व्या अध्यायातलं त्याचं उत्तर सोप्या शब्दांत असं: परक्यांवर, अनाथांवर, विधवांवर जुलूम करता, चोरी करता, खोट्या शपथा घेता आणि इथे येऊन म्हणता आम्ही सुरक्षित आहोत? हे घर तुम्हाला लुटारूंची गुहा वाटतं? शिलोला जा आणि मी त्याचं काय केलं ते बघा.

हे ऐकून याजक आणि संदेष्टे त्याला ठार मारायला निघाले. २६व्या अध्यायात ती हकिकत आहे. तेव्हा काही वडीलधारे उठले आणि म्हणाले, हिज्कीया राजाच्या काळात मीखा संदेष्ट्यानेही असंच सांगितलं होतं, राजाने त्याला मारलं नाही, तो देवाला भ्याला. त्या आठवणीने यिर्मयाचा जीव वाचला. मंदिर मात्र वाचलं नाही. इ.स.पू. ५८६ मध्ये बाबेलच्या सैन्याने ते जाळलं.

येशूने मंदिरातल्या व्यापाऱ्यांची मेजं उलथली तेव्हा त्याच्या तोंडी यिर्मयाचेच शब्द होते: लुटारूंची गुहा. गुहेत लूट होत नाही. बाहेर लुटून आलेला माणूस लपायला गुहेत येतो. सोमवार ते शनिवार मजुराची मजुरी बुडवून रविवारी पहिल्या बाकावर बसणाऱ्याला हे वचन उद्देशून आहे. आपण ते चर्चच्या आवारातल्या फॅन्सी फेअरवर चालवतो आणि मोकळे होतो.

अरादच्या आडव्या वेदी

दक्षिणेला नेगेवच्या वाळवंटात अराद नावाचा यहूदाचा, म्हणजे राज्य फुटल्यावरच्या दक्षिणेकडच्या राज्याचा, एक किल्ला होता. १९६० च्या दशकात योहानान अहारोनी यांच्या उत्खननात तिथे किल्ल्याच्या आतच एक लहान मंदिर निघालं. अंगणात न घडलेल्या दगडांची वेदी, गाभाऱ्याच्या पायरीवर दोन धूपवेदी. २०२० मध्ये त्या धूपवेदींवरच्या काजळीचं रासायनिक परीक्षण प्रसिद्ध झालं. मोठीवर ऊद जाळलेला होता आणि लहानीवर चक्क गांजा, जनावराच्या शेणात मिसळून. परमेश्वराच्या नावाने उभ्या जागेत असंही चालत होतं.

इ.स.पू. ८व्या शतकाच्या शेवटी त्या वेदी फोडल्या गेल्या नाहीत, आडव्या करून मातीखाली झाकल्या गेल्या. अनेक अभ्यासक हे हिज्कीयाच्या सुधारणेशी जोडतात. याच राजाने मोशेने केलेला पितळी सर्पही फोडला, कारण लोक त्याला धूप जाळू लागले होते. तो सर्प देवाच्याच आज्ञेने केलेला होता. पूर्वी आशीर्वाद ठरलेली वस्तू पुढे अडथळा होऊ शकते आणि ती हटवायला धैर्य लागतं. आपल्या मंडळ्यांतल्या कुठल्या प्रथांना हे लागू पडतं, यावर पाळकाने एकट्याने निर्णय घेऊ नये, पण प्रश्न तरी विचारावा.

मंदिराशिवाय देव भेटतो का?

यहेज्केल हा याजकाच्या घरचा. इ.स.पू. ५९७ मध्ये तो बंदिवान होऊन बाबेलला गेला. याजकाचं काम मंदिरात आणि मंदिर शेकडो मैल दूर. अशा माणसाला खबार नदीकाठी, परक्यांच्या भूमीत, देवाचं सिंहासन दिसतं आणि त्या सिंहासनाला चाकं आहेत. १०व्या-११व्या अध्यायात देवाचं तेज यरुशलेमच्या मंदिरातून निघून जाताना त्याला दिसतं. आणि ११:१६ मध्ये देव म्हणतो, ज्या देशांत ते गेले तिथे मीच त्यांना पवित्रस्थान झालो आहे.

दुबईला, कुवेतला, लंडनला नोकरीसाठी गेलेल्या आणि आठवड्याच्या सुट्टीला भाड्याच्या हॉलमध्ये मराठी उपासना भरवणाऱ्या माणसांनी हे वचन जवळ ठेवावं.

योहानाच्या ४थ्या अध्यायात शोमरोनी, म्हणजे यहूद्यांशी वैर असलेल्या शेजारच्या समाजातली, एक स्त्री येशूला सरळ विचारते: आमच्या पूर्वजांनी या डोंगरावर उपासना केली, तुम्ही म्हणता यरुशलेमात करायची. येशू दोन्ही जागांच्या पलीकडचं सांगतो, आत्म्याने आणि खरेपणाने. त्याआधी २ऱ्या अध्यायात तो स्वतःच्या शरीराला मंदिर म्हणतो. ख्रिस्ती विश्वासाचा दावा असा, की तंबू आणि मंदिर ज्यासाठी होतं, ते त्याच्यात माणूस होऊन आलं.

कठड्यावरचा शिलालेख

बंदिवासानंतर पुन्हा उभ्या राहिलेल्या आणि हेरोद राजाने वाढवलेल्या मंदिराभोवती परराष्ट्रीयांनाही येता येईल असं मोठं पटांगण होतं. त्याच्या आतल्या बाजूला दगडी कठडा, योसेफस या यहूदी इतिहासकाराच्या सांगण्याप्रमाणे ३ हात उंच. १८७१ मध्ये क्लेर्मों-गानो या फ्रेंच अभ्यासकाला यरुशलेमात त्यावरचा एक शिलालेख अखंड सापडला. सात ओळी, ग्रीक भाषेत. आशय असा: कोणाही परक्याने मंदिराभोवतीच्या कठड्याच्या आत येऊ नये, जो सापडेल तो आपल्या मरणाला स्वतः जबाबदार. तेव्हा तिथे तुर्की सल्तनत होती, म्हणून तो दगड आज इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे.

शलमोनाने मंदिराच्या अर्पणाच्या वेळी प्रार्थना केली होती, की दूर देशाहून परका माणूस आला तर त्याचंही ऐक. यशयाने सर्व राष्ट्रांसाठी प्रार्थनेचं घर असं म्हटलं होतं. त्याच घरात ही पाटी लागली. येशूने मेजं उलथताना यिर्मयाच्या जोडीला यशयाचं हेच वचन उच्चारलं, कारण तो बाजार, अनेकांच्या मते, परक्यांच्या वाट्याच्या पटांगणातच भरत होता.

प्रेषितांची कृत्ये २१ मध्ये प्रेषित पौलाला जमाव मारायला धावतो, त्याचं निमित्त हेच: त्याने इफिसच्या त्रफिमाला कठड्याच्या आत आणलं असा संशय. आणि इफिसकरांस पत्रात लिहिलंय, की ख्रिस्ताने मधली आडभिंत पाडली. तो दगड माहीत असला की हे वाक्य अंगावर येतं.

म्हणून विचारतो, आपला कठडा कुठे आहे? भारतात काही ठिकाणी ख्रिस्ती दफनभूमीतही जातीप्रमाणे जागा वाटलेल्या आहेत. गोव्यात काही गावांत चर्चच्या कॉन्फ्रारिया, म्हणजे सेवामंडळं, आणि फेस्ताचे, म्हणजे चर्चच्या सणाचे, मान पिढ्यानपिढ्या जातीने ठरत आले. आपल्या घरात सोयरीक जुळवताना पहिला प्रश्न कोणता येतो? पाटी ग्रीकमध्ये लिहिलेली नसली तरी वाचता येणाऱ्याला ती वाचता येते.

निळा म्हणजे स्वर्ग, तांबडा म्हणजे रक्त?

निवासमंडपावर उपदेश करताना अनेक जण प्रत्येक रंगाला, खुंटीला, कातड्याला एकेक अर्थ चिकटवतात. हेतू चांगला असतो, पण बायबल स्वतः रंगांचे अर्थ सांगत नाही. इब्री लोकांस पत्राचा लेखक ९:५ मध्ये कोशाचं, करूबांचं नाव घेतो आणि म्हणतो, यांविषयी आता सविस्तर सांगता येत नाही. त्याने जिथे हात आखडला, तिथे आपण सैल सोडू नये. पडदा, याजक, बळी, रक्त, वस्ती: नव्या कराराने स्वतः उलगडलेल्या या पाच गोष्टी आयुष्यभर पुरतील.

एक उलगडा मात्र मापांवरूनच होतो. तंबूतली आतली खोली १०×१०×१० हात. शलमोनाच्या मंदिरातली २०×२०×२०, पूर्ण सोन्याने मढवलेली. प्रकटीकरण २१ मधलं नवं यरुशलेम लांबी, रुंदी, उंचीला सारखं आणि शुद्ध सोन्याचं. म्हणजे सगळं नगरच परमपवित्रस्थान. योहान लिहितो, मला तिथे मंदिर दिसलं नाही. वर्षातून एकदा एकाच माणसाला उघडणारी खोली तिथे राष्ट्रांचं राहतं घर झालेली आहे आणि तिच्या वेशी कधी बंद होत नाहीत.

मग यहूदी लोकांचं काय?

‘त्यांचं मंदिर पडलं, आता सगळं आमचं’ असा सूर आपल्याकडे कधी कधी लागतो, तो थांबायला हवा. इ.स. ७० मध्ये रोमी सैन्याने मंदिर पाडल्यावरही त्या लोकांनी प्रार्थना, शास्त्रवाचन आणि घरचं जेवणाचं मेज यांच्या आधारे देवाशी नातं टिकवलं. आपल्या कोकणातच त्याचं उदाहरण आहे. बेने इस्राएल लोक रायगडच्या गावांत शतकानुशतकं तेल गाळत राहिले आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. मुंबईत त्यांचं पहिलं सभास्थान १७९६ मध्ये उभं राहिलं. त्याआधी तशी इमारतच नव्हती. शुभकार्यात पोहे, खोबरं, साखर आणि फळं मांडून ते एलियाहू संदेष्ट्याचं स्मरण करत मलिदा करतात, मराठी घरात, मराठी बोलत. विश्रामवार घरच्या घरी कसा पाळायचा, हे ख्रिस्ती माणसाने यांच्याकडून शिकण्यासारखं आहे.

मग चर्चची इमारत नकोच का?

असं कुठेच म्हटलेलं नाही. पहिले विश्वासणारे मंदिरातही जात आणि घरोघरी भाकरही मोडत. माणसाला शरीर आहे, त्याला छप्पर लागतं, बाक लागतो, मुलांना बसायला कोपरा लागतो. जिथे आईवडिलांचं लग्न झालं, जिथून आजोबांना पोचवलं, त्या जागेबद्दल जीव तुटतो आणि तुटावा.

पौलाने मंदिर शब्द दोनदा वेगळ्या तऱ्हेने वापरला आहे. १ करिंथकर ६ मध्ये प्रत्येकाचं शरीर मंदिर आहे. दारू-तंबाखूवरच्या उपदेशात हे वचन हमखास येतं. पण ३ऱ्या अध्यायात तो अख्ख्या मंडळीला मंदिर म्हणतो आणि तिथे विषय आहे गटबाजी: मी पौलाचा, मी अपुल्लोसाचा. जो देवाच्या मंदिराचा नाश करतो त्याचा देव नाश करील, ही कडक ताकीद मंडळी फोडणाऱ्यांना आहे. विश्वस्तपदासाठी आणि मालमत्तेसाठी वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवणाऱ्या दोन्ही बाजूंना हे वचन कोणी वाचून दाखवत नाही. दाखवायला हवं.

नवं बांधकाम काढायचं असेल तर काढावं. पायऱ्यांच्या बाजूला चाकाच्या खुर्चीसाठी उतार आहे का, उन्हात विटा वाहणाऱ्या मजुरांना शनिवारी वेळेवर पगार मिळतो का, आणि गरिबाने दिलेली छोटी रक्कम मोठ्या देणगीसारखीच वहीत लिहिली जाते का, हे आधी ठरवावं. वर्गणीची सभा भरेल तेव्हा निर्गम ३६, १ राजे ५ आणि १ करिंथकर ३ हे तीन अध्याय एकापाठोपाठ मोठ्याने वाचावेत आणि मग हिशेबाची वही उघडावी.